हिमसागर आणि भारतीय जहाजे

चिंचणीच्या किनाऱ्यावर बर्फ येतो तो कारखान्यातून, मासळी टिकविण्यासाठी. समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाशी या किनाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु चिंचणीनजीक वाढवण येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी एका प्रचंड बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. बंदराबरोबर रोजगाराचे आश्वासन आले आहे. तो रोजगार केवळ ओझी वाहण्याचा असणार की जहाजशास्त्राचा, हा प्रश्न मात्र येथील प्रत्येक शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

हिमसागरात जाणारे जहाज सामान्य जहाजाहून निराळे असते. पाण्याच्या रेषेलगत त्याच्या पोलादी पत्र्याची जाडी वाढवावी लागते. आतील फासळ्या अधिक जवळ बसवाव्या लागतात. सुकाणू आणि पंखा बळकट करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत साधे पोलाद ठिसूळ होते, म्हणून पोलादही निवडून घ्यावे लागते. बाल्टिक समुद्रासाठी फिनलंड व स्वीडन यांनी केलेल्या नियमांत अशा जहाजांच्या चार श्रेणी आहेत. त्यांतील सर्वांत खालची ०.४ मीटर, तर सर्वांत वरची १ मीटर जाडीचा बर्फ गृहीत धरते. ध्रुवीय सागरांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली आहे.

भारताचा या विद्येशी संबंध जुना आहे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली, ती ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजातून. पुढे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही संशोधन केंद्रे उभी राहिली. जहाजे मात्र परक्यांकडून भाड्याने घेण्याची प्रथा चालूच राहिली. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी चार दशकांच्या विलंबाची जाणीव करून देणारेही आहे.

प्रत्येक व्यापारी जहाज बर्फासाठी बळकट करावे, असे कोणी म्हणणार नाही. अधिक पोलाद म्हणजे अधिक वजन, अधिक इंधन आणि कमी माल. उष्ण कटिबंधातील वाहतुकीवर हा भार लादणे हा निव्वळ अपव्यय ठरेल. परंतु भारतीय खलाशी जगभरातील जहाजांवर चाकरी करतात आणि उत्तरेकडील गोठणारी बंदरे त्यांना टाळता येत नाहीत. जहाज परक्याचे असले तरी त्यावरील प्राण भारतीयांचे असतात.

पोलादावरच विसंबणेही धोक्याचे. ‘हान्स हेडटॉफ्ट’ हे डॅनिश जहाज बर्फासाठी खास मजबूत बांधलेले होते. ३० जानेवारी १९५९ रोजी ग्रीनलंडच्या दक्षिणेस, पहिल्याच सफरीच्या परतीच्या वाटेवर, हिमनगावर आदळून ते ९५ जणांसह बुडाले. भक्कम पत्र्याने सुरक्षिततेची भ्रांती निर्माण होऊ नये, हाच त्याचा धडा होय.

म्हणून बांधणीबरोबर शिक्षण हवे. वाढवणच्या नावाने जी प्रशिक्षणकेंद्रे निघतील, त्यांत जहाजरचना, पोलादाची पारख आणि हिमसागरातील नौकानयन यांना स्थान मिळाले पाहिजे. ज्यांच्या किनाऱ्यावर बंदर उभे राहत आहे, त्यांच्या मुलांना त्या बंदराच्या दाराशी केवळ पहारेकरी म्हणून उभे करणे हा न्याय नव्हे.