आराखडा मिळाला, विद्येचे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपे येथे परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या स्थानिक लघुउद्योजकांच्या पदरी केवळ काम पडणार की त्या कामामागील विद्याही, हा प्रश्न फारसा कोणी विचारताना दिसत नाही.

नगरला हा प्रश्न नवा नाही. येथील कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ‘लुना’ आणली. २००८ मध्ये या समूहाचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला; मात्र नगरचा कारखाना इतर वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवीत टिकून राहिला. संपूर्ण वाहन घडविण्याचा अनुभव गाठीशी होता. केवळ दुसऱ्याचे आराखडे गिरविणाऱ्याकडे अशी शिदोरी कोठून असणार?

जपानचे उदाहरण बोलके आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी करिया येथील आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधील एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वी तेथेच बनत असे. टोयोटाचे कारखाने थांबले. आयसिनने आपले आराखडे इतरांना खुले केले आणि शिलाई यंत्रे बनविणाऱ्या ब्रदर कंपनीसह अनेकांनी ती झडप घडविली. आठवडाभरात मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. हा चमत्कार नव्हता. टोयोटाचे अभियंते पुरवठादारांकडे जाऊन शिकवीत आणि पुरवठादारही एकमेकांचे प्रयोग पाहत. त्या दीर्घ सवयीचे ते फळ होते.

आपल्याकडे मोठी कंपनी बहुधा मोजमाप आणि दर एवढेच देते. माल नाकारला, तर दोषाचे मूळ शोधायला सोबत बसत नाही. लहान कारखानदारही आपली काटकसरीची युक्ती लपवितो. ती उघड केली, तर पुढच्याच वेळी दर कापला जाईल, ही त्याची भीती अनाठायी नाही. म्हणून सुधारणेतून झालेल्या बचतीचा न्याय्य वाटा पुरवठादारास मिळेल, असे करारातच लिहिले पाहिजे. लघुउद्योगांची देयके अधिकाधिक ४५ दिवसांत चुकती करावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याचे प्रामाणिक पालन ही तर विश्वासाची पहिली पायरी होय.

विद्या दिल्याने वाढते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. दर घासून क्षणिक नफा मिळेल. स्वावलंबी उद्योग मात्र विद्येच्या देवघेवीतूनच उभा राहील.