मेरठच्या मतदाराला विचारले गेले होते

आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवरचा खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात सुरू झाला आणि शाहनवाज खान, प्रेम सहगल, गुरुबक्षसिंग धिल्लन ही नावे देशभर पोचली. मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई बचावासाठी उभे राहिले. जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली, पण लोकक्षोभापुढे सरसेनापती ऑकिन्लेक यांना ती माफ करावी लागली. आपल्या स्मरणातले शाहनवाज खान बहुधा इथेच संपतात. फार तर १९५६ साली नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव निघते. खटल्यानंतरची त्यांची संसदीय कारकीर्द कुणी फारशी आठवत नाही. आजच्या भारताला मात्र त्यांच्या आयुष्याचा हाच भाग सर्वात जास्त शिकवणारा आहे, असे मला वाटते.

शाहनवाज खान मूळचे रावळपिंडी जिल्ह्यातले. फाळणीने त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. त्यांनी भारत निवडला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मेरठ भागातून उभे केले आणि ते लोकसभेत गेले. १९५७, १९६२ आणि १९७१ मध्येही ते निवडून आले. १९६७ आणि १९७७ मध्ये हरले. १९५७ ते १९६४ या काळात ते रेल्वे खात्याचे उपमंत्री होते. त्या सात वर्षांत जगजीवन राम, स्वर्णसिंग आणि दासप्पा असे तीन रेल्वेमंत्री झाले, पण उपमंत्रिपदावर खान कायम होते. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, निर्वासितांचे लोंढे झेललेल्या उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, सीमेपलीकडे जन्मलेला एक मुसलमान हिंदूबहुल मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून येतो, ही घटना लाल किल्ल्यातल्या खटल्याइतकीच मोठी आहे. त्यांचे दोन पराभवही मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. इतर उमेदवारांसारखेच ते वाऱ्याबरोबर जिंकले आणि वारा फिरल्यावर हरले. मतदाराने त्यांना आपल्यातलाच एक मानल्याची ही खूण आहे.

ही किमया आपोआप घडली नव्हती. तिच्यामागे एक करार होता. ब्रिटिशांनी आणलेले विभक्त मतदारसंघ घटना समितीने नाकारले. मुसलमानांसाठी राखीव जागांची तरतूद आधी मसुद्यात होती, पण मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने तीही वगळण्याची शिफारस केली. समितीतल्या बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीच राखीव जागांना विरोध केला होता. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमच्या तोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. अल्पसंख्याकांनी हक्काची हमी सोडली ती एका विश्वासावर. पक्ष सर्वसाधारण जागांवर त्यांच्यातल्या लायक माणसांना उमेदवारी देतील आणि मतदार त्यांना धर्माबाहेर पाहून तोलतील, असा तो विश्वास होता. मेरठने तो खरा ठरवला.

यावर कुणी म्हणेल की खान काँग्रेसच्या लाटेत निवडून आले आणि मेरठमध्ये मुस्लिम मतदारही बरेच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण केवळ मुस्लिम मतांवर ती जागा जिंकता येत नव्हती. आणि लाट होती म्हणूनच पक्षाची जबाबदारी मोठी होती. कुणाचे नाव मतपत्रिकेवर जावे, हे पक्ष ठरवतो. त्या पक्षाचे कौतुकही हातचे राखूनच करायला हवे. एवढ्या उंचीच्या माणसाला वर्षानुवर्षे दुय्यम पदावर ठेवले गेले आणि नेहरूंच्या हयातीत त्यांना स्वतंत्र खाते मिळाले नाही. दार उघडले होते, पण पूर्ण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकप्रतिनिधीचा धर्म मोजायचाच कशाला? खासदार सर्वांचा असतो. हे तत्त्व मला मान्य आहे, आणि म्हणूनच आजचे चित्र मला अस्वस्थ करते. २०११ च्या जनगणनेत मुसलमान लोकसंख्येच्या १४.२ टक्के होते. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर त्यांच्यातले २४ जण निवडून आले आणि त्या वर्षी जूनमध्ये शपथ घेतलेल्या केंद्रीय मंत्रिमंडळात एकही नव्हता. धर्म खरोखरच बिनमहत्त्वाचा असता, तर इतकी तफावत पडली नसती. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात ४८ जागांसाठी महायुती आणि महाविकास आघाडी या दोघींनीही एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नाही. कारण सांगितले जाते ‘इलेक्टिव्ह मेरिट’चे. पण याच महाराष्ट्रात, मुस्लिम मतदार स्पष्टपणे अल्पसंख्य असलेल्या कुलाबा मतदारसंघाने बॅरिस्टर अंतुले यांना १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये सलग आणि २००४ मध्ये पुन्हा निवडून दिले. कोकणातल्या मतदाराने त्यांना कामावर आणि पक्षावर तोलले. मतदार बदलला असे म्हणण्याआधी त्याला निवडीची संधी तरी मिळायला हवी.

राखीव जागांकडे परत जावे, असे मी म्हणत नाही. तो रस्ता १९४९ मध्ये विचारपूर्वक बंद केला गेला आणि तो बंदच राहावा. पण एका बाजूने हमी सोडायची आणि दुसऱ्या बाजूने दिलेला शब्द विसरायचा, याला करार म्हणत नाहीत. तो शब्द पाळायचा तर प्रत्येक पक्षाने मुस्लिमबहुल पट्ट्यांबाहेरच्या, जिंकता येण्याजोग्या काही जागा कर्तबगार मुसलमान कार्यकर्त्यांना दिल्या पाहिजेत, आणि हरले तरी पुढच्या वेळी पुन्हा दिल्या पाहिजेत. १९६७ मध्ये हरलेले शाहनवाज खान १९७१ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि जिंकले, कारण त्यांच्या पक्षाने पहिल्या पराभवानंतर त्यांचे नाव खोडले नाही. मेरठच्या मतदाराला प्रश्न विचारला गेला, म्हणून त्याला उत्तर देता आले.