वाकळंत फ्लीस कशाला?

हल्ली वाकळ शिवताना आत जुन्या लुगड्याऐवजी फ्लीसचं ब्लँकेट घालायची टूम निघालीय. हलकं, ऊबदार, धुतलं की लगेच वाळतं, हे कबूल. पण फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, खनिज तेलातून निघालेलं. ते घाम पीत नाही, टाका घालताना ताणतं. शेकोटीची ठिणगी पडली तर सुती कापड धुमसतं. हे वितळून कातडीला चिकटतं. रानात राखणीला जाणाऱ्यानं ते पांघरावं? सुती वाकळ विरली की तिच्यावर नवा थर चढतो, शेवटी उकिरड्यात तिचं खत होतं. फ्लीसचे धागे मातीत तसेच राहतात. कापूस पिकवणारे आपणच तेल पांघरून निजायचं, आणि वर कापसाला भाव नाही म्हणून रडायचं? घरात लुगडी उरली नसतील तर जुन्या चादरी घ्या, धोतरं घ्या. पण सुती घ्या.