भरतीच्या अगोदरचा शिपाई

सैन्यात जावयाचे तर आधी शरीर कमवावे, हा उपदेश महाराष्ट्राला नवा नाही. समर्थांनी स्थापिलेल्या मारुतींपासून औंधच्या पंतप्रतिनिधींनी हयातभर पुरस्कारिलेल्या सूर्यनमस्कारांपर्यंत तो आपण ऐकत आलो आहोत. मात्र हे शरीर केव्हा कमवावयाचे, कोठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि काय खाऊन, असे प्रश्न कोणी काढले की उपदेशकांची गर्दी पांगते. मग ती जागा भरतीची तयारी करून देणाऱ्या अकादमींचे फलक भरून काढतात. त्या फलकांमागे काय चालते, इकडे शहरातील सुशिक्षित वाचकाचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते; कारण त्याची मुले तेथे सहसा नसतात.

प्रथम कसोटी काय आहे ते पाहू. अग्निवीर म्हणून सैन्यदलात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले तर त्यास पूर्ण ६० गुण मिळतात. आडव्या दांडीला लोंबकळून दहा वेळा हनुवटी वर नेली तर आणखी ४० मिळतात. शिवाय नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडावा लागतो. मुले या साऱ्याला ‘ग्राऊंड’ म्हणतात आणि धावेला नुसते ‘सोळाशे’. चारशे मीटरांच्या मैदानाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सुमारे ८२ सेकंदांत, म्हणजे ताशी सतरा किलोमीटरांहून अधिक वेग! शहरातून सायकलीने कचेरीला जाणाऱ्या गृहस्थालाही तो सहज मागे टाकील. ही कसोटी अवाजवी आहे असे आम्ही म्हणत नाही. शिपायाला धावता आलेच पाहिजे.

२०२३ पासून भरतीचा क्रम बदलला. पूर्वी मैदान आधी व लेखी परीक्षा नंतर असे. आता संगणकावरची लेखी परीक्षा आधी होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. यामुळे मेळाव्यांतील अफाट गर्दी ओसरली, हा लाभ लहान नव्हे. पण मुलाच्या मनात याचा हिशेब निराळाच मांडला जातो. आधी लेखीचा निकाल लागू दे, मग पळू, असे तो म्हणतो. आणि निकाल लागला की जे काम दोन वर्षांत व्हावयाचे ते दोन महिन्यांत उरकण्यासाठी डांबरी रस्त्यावर उतरतो.

येथेच घात होतो. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू थोड्याच आठवड्यांत नव्या श्रमाला सरावतात. दम वाढतो, वेळ कमी होते, मुलगा हुरूपतो. हाडांचा कारभार मात्र संथ आहे. वाढलेला भार पेलण्यासाठी हाड स्वतःला नव्याने बांधू लागते, तेव्हा आधी जुना अंश झिजवून काढते व मग त्या जागी नवा भरते. हे काम तीन-चार महिने चालते आणि त्यातील मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. दम वाढला म्हणून मुलगा अंतर दुप्पट करतो ते नेमके याच वेळी. नडगी दुखू लागते. विश्रांती घेतली तर सोबती पुढे जातील म्हणून तो वेदनाशामक गोळी घेऊन धावतो, आणि एके दिवशी हाडाला केसाएवढी चीर पडते. वर्ष वाया जाते. वयाची मर्यादा मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

सैन्याला कणखर माणसेच हवीत, कच्चे गळून पडले तर बिघडले कोठे, असे यावर कोणी म्हणेल. हा युक्तिवाद दिवाणखान्यात शोभतो. असा तडा आळशी मुलाच्या हाडाला जात नाही. जो एक दिवसही चुकवीत नाही, दुखले तरी थांबत नाही, त्याच्याच हाडाला जातो. म्हणजे या चाळणीतून पुष्कळदा सैन्याला हवा असलेला मुलगाच खाली पडतो. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात दाखल झालेल्या रंगरुटाला उस्ताद असतो, ठरलेला आहार असतो, भार पायरीपायरीने वाढविण्याचा क्रम असतो, आणि पाय दुखावला तर लष्करी डॉक्टर असतो. भरतीच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच मुलाचा धनी कोण? सरकारच्या दृष्टीने तो अद्याप शिपाई नाही आणि अकादमीच्या दृष्टीने तो फी भरलेला गिऱ्हाईक आहे.

याहून वाईटही घडू शकते. झारखंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादनशुल्क खात्याच्या शिपाईभरतीसाठी पुरुष उमेदवारांना दहा किलोमीटर धाव तासाभरात पुरी करावयाची होती. त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले, तेव्हा सरकारने धाव काही दिवस थांबविली आणि पुढे ती सकाळच्या वेळेपुरती ठेवली. ती भरती सैन्याची नव्हती हे खरे. पण भादव्याच्या उकाड्यात अपुऱ्या तयारीने ऊर फुटेपर्यंत धावणारा गरीब घरचा मुलगा तोच होता.

आता अन्नाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलग्यांपैकी ३१ रक्तक्षयी आढळले. रक्तात लोह कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. असा मुलगा कितीही जिद्दी असला तरी चौथ्या फेरीत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येणारच. आणि शाळेतले सरकारी भोजन मिळते ते आठवीपर्यंत! म्हणजे ज्या चार वर्षांत हाडे भरावयाची, उंची वाढावयाची, त्याच वर्षांच्या उंबरठ्यावर सरकार ताट काढून घेते. इंग्लंडला हा धडा बोअर युद्धाने शिकविला. १८९९ ते १९०२ या काळात भरतीसाठी आलेल्या तरुणांत नाकारावे लागलेल्यांची संख्या पाहून तेथील राज्यकर्ते हादरले, चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला. त्यानंतर १९०६ मध्ये गरजू विद्यार्थ्यांना शाळेत जेवण देण्याचा आणि १९०७ मध्ये त्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. साम्राज्याची चिंता करणाऱ्यांनासुद्धा अखेर शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत जावे लागले!

आमच्याकडे गोष्ट उलटी. सातारा जिल्ह्यातील ‘अपशिंगे मिलिटरी’, कोल्हापुराकडील ‘सैनिक टाकळी’ ही गावे नावातच पलटण मिरवितात, आणि पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ वीर कामी आल्याचे आपण अभिमानाने सांगतो. पण हा अभिमान शहरात बसून बाळगणाऱ्यांच्या मुलांना खेळाचा तास तरी मिळतो काय? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. तरी इमारतीच्या वाहनतळालाच क्रीडांगण मानणाऱ्या शाळा ज्यांना माहीत नाहीत असे पालक थोडेच असतील. आम्ही काही काळ शिक्षकाचा पेशा केला आहे. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला कवायतीचा तास प्रथम बीजगणिताच्या पोटात जातो, आणि त्याबद्दल तक्रार घेऊन आलेला पालक आमच्या पाहण्यात नाही. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ उभे केले ते शिकलेल्या घरांतील मुलांचे दंड बारीक राहू नयेत म्हणून. आज त्याच घरांतील एखाद्या मुलाला वा मुलीला खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जावेसे वाटले — आणि २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे — की पालक आधी शिकवणी शोधतात, मैदान नव्हे.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. भरतीची अधिसूचना निघते त्याच दिवशी महिनावार व्यायामाचा क्रम सैन्याने मराठीत तिच्यासोबत प्रसिद्ध करावा. लेखी परीक्षेपर्यंतचे महिने धावण्याचेही आहेत हे मुलांना त्यातून कळेल. तालुक्याच्या गावी चारशे मीटरांचे मातीचे मैदान आखून ते पहाटे उघडे ठेवावे. निवृत्त सुभेदार-हवालदारांना अल्प मानधन दिले तर मुलांना शिकविण्यास ते आनंदाने येतील. अकादमीने प्रवेश देण्यापूर्वी मुलाची छाती, रक्त आणि पाय डॉक्टरकडून तपासून घेतलेच पाहिजेत, असा नियम राज्य सरकारने करावा. आणि नववी ते बारावीच्या मुलांचे ताट कोण वाढणार, याचे उत्तर येत्या अर्थसंकल्पात मिळावे. हिमोग्लोबिनची तपासणी तर ग्रामीण रुग्णालयात आजही होते. धावणाऱ्या मुलांना तेथपर्यंत नेण्यासाठी जिल्हा परिषदेने एक पत्रक काढले तरी पुरे. तेवढ्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावयास नको.