कार्ड आसा, पण हॉस्पिटल खंय आसा?

मे 2021. जामसंड्यात आंब्याचा ऐन हंगाम, आणि दुसरी लाटही ऐन भरात. रात्री साडेदहाला शेजारच्या सुभेदार काकांच्या मुलाचा फोन. काकांचा ऑक्सिजन 84 वर आलेला. काका 28 वर्षं मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

काकांकडे ईसीएचएसचं कार्ड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, एप्रिल 2003 पासूनची. ही खैरात नव्हे. काकांनी निवृत्त होताना वर्गणी भरलीय. पद्धत अशी : आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून चिठ्ठी घ्यायची, मग यादीतल्या हॉस्पिटलात पैसे न भरता उपचार. देवगड तालुक्यात पॉलिक्लिनिक नाही. तातडीच्या वेळी कुठल्याही हॉस्पिटलात जा, अशी मुभा आहे. पण ते यादीत नसेल तर बिल आधी स्वतः भरायचं, दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, मग कागद जोडून मागणी करायची. आणि मिळणार ते सरकारी दराने. फरक आपल्या खिशातून.

त्या रात्री आम्ही शिरगाव, नांदगाव तिठा करत पन्नासेक किलोमीटर कणकवलीकडे निघालो. बेड जिथे मिळाला ते हॉस्पिटल यादीत नव्हतं. काउंटरवर 50 हजार डिपॉझिट मागितलं. मुलाने कार्ड पुढे केलं. ‘हे इथे चालत नाही.’ मागे व्हीलचेअरवर बसलेले काका धापा टाकत म्हणाले, "कार्ड आसा रे, पण हॉस्पिटल खंय आसा?"

पैसे आंब्याच्या व्यापाऱ्याकडून उचलले, पुढच्या वर्षीच्या फळावर. काका वाचले. बिल झालं पावणेदोन लाख. परत मिळालं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, तेही वर्ष उलटून गेल्यावर. पुढचा हंगाम व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने गेला.

काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. जुलै 2020 मध्ये योजनेने कुटुंबामागे एका ऑक्सिमीटरचे 1200 रुपयांपर्यंत परत द्यायचं ठरवलं. 84 चा आकडा दाखवणारं यंत्र मिळालं, आकडा दिसल्यावर जायचं कुठे ते नाही. 27 मे 2021 ला संरक्षण मंत्रालयाने ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी सुरू केली. कल्पना चांगली. पण आमच्या काही वाड्यांत साध्या फोनला रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं, तिथे व्हिडिओवर डॉक्टर कसा दिसणार? पॉलिक्लिनिकं 2003 ला 227 मंजूर होती, 2010 मध्ये आणखी 199 मंजूर झाली. आमचा तालुका तरीही बाहेरच.

आता कोणी म्हणेल, तेव्हा सामान्य माणसाला तरी कुठे बेड मिळत होता? बरोबर. म्हणूनच मी सैनिकांसाठी वेगळी रांग मागत नाही. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास फिजिशियन आणि ऑक्सिजनचे बेड असते, तर काका तिथेच राहिले असते. त्यांच्या बाजूच्या बेडवरचा खलाशीही.

पण सैनिकाच्या नावाने कार्यक्रम करायचे तर त्याचा हिशोबही द्या. 3 मे 2020 ला देशभर हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. 4 डिसेंबर 2023 ला आमच्याच जिल्ह्यात, मालवणात नौदल दिन झाला. हेलिपॅड झाले, रस्ते चकाचक झाले. राजकोटवर पुतळा उभा केला, तो 26 ऑगस्ट 2024 ला पडला. पडल्यावर यंत्रणा रात्रीत जागी झाली. मग पॉलिक्लिनिकसाठी का होत नाही?

मागण्या तीनच. एक, देवगडला आठवड्यातून दोन दिवस तरी फिरतं पॉलिक्लिनिक. दोन, तालुक्यातल्या किमान एका हॉस्पिटलशी योजनेचा करार. तो होईपर्यंत तातडीचं बिल योजनेने थेट हॉस्पिटलला द्यावं. तीन, ग्रामीण रुग्णालयात फिजिशियनची कायम नेमणूक.

7 डिसेंबरला ध्वजदिन असतो. निधी गोळा होईल, शाली दिल्या जातील. काकांना शाल देणार असाल तर एवढं करा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोबत घेऊन या.

तुमच्या वाडीतल्या माजी सैनिकाला असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. मी सगळे एकत्र करून निवेदनाला जोडणार आहे.