विश्लेषण : राखीव क्वार्टरबॅक ऐन बाद फेरीत संघ का सोडतो?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत पहिल्यांदाच पोहोचला. सामना अवघ्या सहा दिवसांवर असताना संघाचा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक बो प्रिब्युला याने विद्यापीठ बदलण्याचा निर्णय जाहीर केला. खेळाडू गद्दार ठरवून हा विषय संपवता येईल का? की दोष वेळापत्रकाचा आहे? आणि एक राखीव खेळाडू गेल्याने संघाची फळी किती कमकुवत होते?

नेमके प्रकरण काय?

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेपावून रोखतात. क्वार्टरबॅक हा या खेळातील सूत्रधार. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते.

२०२४ च्या मोसमात पेन स्टेटचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता ड्रू ॲलर. प्रिब्युला त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होता. २६ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनविरुद्ध ॲलरचा गुडघा दुखावला. उत्तरार्धात प्रिब्युला उतरला, १३ पैकी ११ पास अचूक दिले आणि संघाने २८-१३ असा विजय मिळवला. राखीव खेळाडू कशासाठी असतो, याचे उत्तर त्या एका डावात मिळाले होते.

तोच प्रिब्युला १५ डिसेंबरला संघाबाहेर पडला आणि पुढे मिसुरी विद्यापीठात दाखल झाला. २१ डिसेंबरच्या सामन्यात ॲलरच्या मागे उभा होता इथन ग्रंकमायर, विद्यापीठातील पहिल्याच वर्षाचा खेळाडू.

राखीव क्वार्टरबॅकचे महत्त्व इतके का?

प्रत्येक संघ जागेनुसार खेळाडूंची उतरंड आखतो. तिला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. बचावफळीतील राखीव खेळाडू सामन्यात आलटून पालटून खेळतात, त्यामुळे त्यांना सराव मिळत राहतो. क्वार्टरबॅकचे तसे नाही. तेथे एकच खेळतो, बाकीचे मैदानाकडेला उभे राहतात. म्हणून या जागेवर फळी तयार करणे सर्वांत कठीण आणि ती मोडणे सर्वांत सोपे.

अशी फळी टिकली तर काय होते, याचा दाखला २०१४ च्या ओहायो स्टेटने दिला. पहिल्या पसंतीचा ब्रॅक्स्टन मिलर मोसमाआधीच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा मिशिगनविरुद्धच्या सामन्यात मोडला. मग तिसऱ्या क्रमांकाच्या कार्डेल जोन्सला उतरवावे लागले. त्याने विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि अंतिम सामन्यात ओरेगनला ४२-२० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. आजच्या नियमांत असा तिसरा खेळाडू तोवर संघात थांबला असता का, हा खरा प्रश्न आहे.

‘ट्रान्सफर पोर्टल’ने काय बदलले?

पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. ही शिक्षाच होती आणि तिच्या धाकाने राखीव खेळाडू जागच्या जागी राहत. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे ‘एनसीएए’ने, ट्रान्सफर पोर्टल ही ऑनलाइन नोंद सुरू केली. त्यात नाव आले, की इतर विद्यापीठे खेळाडूशी थेट बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा विनाशिक्षा बदल करण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी कितीही वेळा बदलण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्यात पैशाची भर पडली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून कमाई करता येऊ लागली. जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी, सर्व खेळ मिळून, सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. थोडक्यात, बाकावर बसलेल्या गुणी खेळाडूला आता बाजारभाव आहे.

मग ऐन बाद फेरीतच का?

कारण वेळापत्रक. त्या वर्षी पोर्टलची मुदत ९ ते २८ डिसेंबर होती. बारा संघांची नवी बाद फेरी २० डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालणार होती. म्हणजे विजेतेपदाची लढाई आणि खेळाडूंचा बाजार एकाच वेळी!

ज्यांचा मोसम लांबतो, त्यांना अखेरच्या सामन्यानंतर पाच दिवसांची जादा मुदत होती, हे खरे. पण ती कागदावरच सोयीची होती. क्वार्टरबॅकची जागा प्रत्येक संघात एकच आणि चांगल्या जागा डिसेंबरातच भरतात. शिवाय खेळाडू विद्यार्थीही असतो. जानेवारीच्या सत्रात प्रवेश हुकला, तर नव्या संघासोबतचा वसंतातील सराव हुकतो.

प्रिब्युलाचे दोन मोसम शिल्लक होते. त्याच सुमारास ॲलरने आणखी एक वर्ष पेन स्टेटमध्येच राहण्याचे ठरवले. थांबला असता, तर पुढचे वर्षही बाकावर गेले असते. महाविद्यालयीन खेळाडूला पाच वर्षांत चारच मोसम मिळतात. त्यातला एक वाया जाणे म्हणजे कारकीर्दीचा चौथा हिस्सा गमावणे. मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांनीही खेळाडूला दोष न देता व्यवस्थेकडेच बोट दाखवले होते.

संघाच्या फळीवर परिणाम काय?

लगेच पाहिले तर काहीच नाही. पेन स्टेटने सदर्न मेथडिस्टला ३८-१० आणि बॉइसी स्टेटला ३१-१४ असे नमवले. उपांत्य सामन्यात नोत्र दामकडून संघ २४-२७ असा हरला. ॲलर धडधाकट राहिला, म्हणून फळीतील पोकळी झाकली गेली.

ती उघडी पडली दहा महिन्यांनी. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ॲलरला दुखापत झाली आणि त्याचा मोसम संपला. सामना संघाने २१-२२ असा गमावला. दुसऱ्या दिवशी फ्रँकलिन यांची हकालपट्टी झाली. संघाची सूत्रे ग्रंकमायरच्या हाती आली.

येथे सावध राहायला हवे. प्रिब्युला असता तर सारे वाचले असते, असे म्हणता येणार नाही. ॲलर खेळत असतानाच संघ त्याआधी ओरेगन आणि यूसीएलएकडून हरला होता. ग्रंकमायरनेही सुरुवातीच्या तीन पराभवांनंतर मिशिगन स्टेट, नेब्रास्का आणि रटगर्स यांच्याविरुद्ध सलग विजय मिळवून दिले. पण ते तीन पराभव एका नवख्या खेळाडूला मैदानातच शिकावे लागले, त्याची किंमत होते. अनुभवी राखीव खेळाडू संघाला नेमका हाच वेळ विकत घेऊन देतो.

गंमत म्हणजे मिसुरीही यातून सुटले नाही. प्रिब्युलाचा स्पर्धक सॅम हॉर्न पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. २५ ऑक्टोबरला व्हँडरबिल्टविरुद्ध प्रिब्युलाचा घोटा निखळला. मिसुरीलाही पहिल्या वर्षाचा मॅट झोलर्स उतरवावा लागला. म्हणजे फळी एका संघातून दुसऱ्यात गेली, तरी कुणाकडेच ती जाड राहिली नाही.

फ्लोरिडा स्टेटचे काय झाले?

फळी पूर्ण कोसळली तर काय होते, ते २०२३ मध्ये दिसले. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात जायबंदी झाला. राखीव टेट रोडमेकर आणि त्याच्याही मागचा ब्रॉक ग्लेन यांनी उरलेले सामने जिंकून दिले. तरीही तेरापैकी तेरा सामने जिंकलेल्या या संघाला निवड समितीने विजेतेपदाच्या चौघांत घेतले नाही. ट्रॅव्हिस नसल्याने हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, हे त्यामागचे एक कारण होते.

त्यानंतर वीसहून अधिक खेळाडूंनी अखेरच्या ऑरेंज बोल सामन्याकडे पाठ फिरवली किंवा त्यांना मुकावे लागले. रोडमेकरही पोर्टलमध्ये गेला. जॉर्जियाने उरलेल्या संघाचा ६३-३ असा धुव्वा उडवला. त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या ग्लेनच्या वाट्याला जे आले, त्याला खेळ म्हणणे अवघड आहे.

मग खेळाडूंना अडवावे का?

अजिबात नाही. प्रशिक्षक करार मोडून दुसऱ्या विद्यापीठात जातात, तेव्हा त्यांना कुणी वर्षभर बसवत नाही. मग एकोणीस-वीस वर्षांच्या मुलालाच निष्ठेचे धडे का? आपल्याकडे मुंबईच्या गर्दीत संधी मिळेना, म्हणून अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणातच त्याने शतक ठोकले. खेळायला मिळावे म्हणून जागा बदलणे हा गुन्हा नव्हे. फरक इतकाच, की रणजी खेळाडूला मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेत आता तशी अडकाठी नाही, पण हिशेब जुळवणारे वेळापत्रकही नाही.

त्यातच २०२५ पासून फुटबॉल संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्तींवरील ८५ चे जुने बंधन गेले, हे चांगले. पण पूर्वी अनेक संघांत शिष्यवृत्तीविना खेळणारे धरून १२० च्या आसपास मुले असत. तळाशी राहून वर्षानुवर्षे तयार होणाऱ्यांची ही जागा आता आकसली आहे. अशा वेळी वरचा एक गेला, की रिकामी जागा खालून भरणे अधिक कठीण होते.

उपाय काय?

पहिला उपाय अर्धवट का होईना, झाला आहे. २०२६ साठी वसंतातील मुदत रद्द करून २ ते १६ जानेवारी अशी एकच मुदत ठेवण्यात आली. त्यामुळे पहिली आणि उपांत्यपूर्व फेरी मोकळी झाली. पण उपांत्य सामने ८ आणि ९ जानेवारीला होते. म्हणजे अखेरच्या चार संघांवरची टांगती तलवार कायम राहिली. मोसम संपल्याशिवाय बाजार उघडणार नाही, इतका साधा नियम करायला विद्यापीठांच्या सत्राचे वेळापत्रक आडवे येते. उशिरा प्रवेशाची सोय करणे अवघड असले, तरी अशक्य नाही.

दुसरा उपाय विद्यापीठांच्या हाती आहे. खेळाडूंना पैसे द्यायचेच आहेत, तर राखीव क्वार्टरबॅकच्या थांबण्यालाही मोल द्या. बाद फेरी संपेपर्यंत राहणाऱ्याला करारातच वेगळी रक्कम ठेवा. जिंकत असलेल्या सामन्यांत त्याला अखेरच्या सत्रात नियमित उतरवा. फळी ही फुकट मिळणारी गोष्ट आहे, हा समज जुन्या शिक्षेच्या नियमावर उभा होता. तो नियम गेला, समज मात्र राहिला.

प्रिब्युलासमोर दोनच पर्याय होते. सहकाऱ्यांसोबत विजेतेपदासाठी लढायचे की स्वतःचे उरलेले दोन मोसम वाचवायचे? वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूला ही निवड करायला लावणारी व्यवस्था बदलत नाही, तोवर प्रत्येक डिसेंबर-जानेवारीत कुठला ना कुठला संघ एका दुखापतीच्या अंतरावर उभा राहील. आणि त्याची किंमत, तयारी पूर्ण होण्याआधीच मैदानात ढकलला जाणारा पहिल्या वर्षाचा मुलगा मोजेल.