मुलांची शाळा आणि घरची श्रद्धा

हनुक्काचे दिवे उतरवून ठेवले की इस्राएलातील पालकांपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. पुढील वर्षी पहिल्या इयत्तेत जाणाऱ्या मुलांची नावे हिवाळ्यातच नोंदवावयाची असतात, आणि मुलाला कोणत्या प्रकारच्या शाळेत घालावयाचे हे त्या वेळी ठरवावे लागते. आपल्या समाजातील तरुण आईबापे याविषयी आमच्याशी बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात काळजी असते. मुलगा शिकून शहाणा व्हावा, पण परका होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. ही इच्छा साधी दिसते, पण पुरी होणे अवघड आहे. यास्तव या वेळच्या स्तंभात याच विषयाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा इस्राएलात १९४९ साली झाला आणि १९५३ च्या कायद्याने सरकारी शाळांचे दोन प्रकार ठरवून दिले. सर्वसाधारण, म्हणजे ममलख्ती, आणि धार्मिक, म्हणजे ममलख्ती-दाती. तनाख दोन्हींकडे शिकवितात व बगरूत परीक्षेलाही तो विषय दोन्हींकडे असतो. फरक आहे तो दृष्टीचा. सर्वसाधारण शाळेत तनाख हा आपल्या राष्ट्राचा इतिहास व वाङ्मय म्हणून वाचला जातो. धार्मिक शाळेत दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होतो, तनाख ईश्वरी आज्ञा म्हणून शिकवितात, आणि त्याच्या जोडीला मिश्ना व तालमूद येतात. वयाच्या अठराव्या वर्षी वाटा आणखी वेगळ्या होतात. सर्वसाधारण शाळेतील बहुतेक मुली लष्करात जातात, तर धार्मिक शाळेतील अनेक मुली राष्ट्रीय सेवा पत्करतात. धार्मिक शाळेतील काही मुलगे अध्ययन व लष्करी सेवा यांची सांगड घालणाऱ्या हेस्देर येशिवांत जातात. याखेरीज अतिधार्मिक पंथांच्या शाळा आहेत. त्यांपैकी अनेक शाळांत मुलग्यांना गणित व इंग्रजी फारच थोडे शिकवितात, आणि त्याचा परिणाम पुढे त्यांच्या चरितार्थावर होतो. म्हणजे सहाव्या वर्षी आईबापांनी केलेल्या एका नोंदीवर मुलाचे मित्र कोण, त्याचा शब्बाथ कसा, त्याचे लग्न कोणत्या घरात, हे बरेचसे अवलंबून राहते.

या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखीच आहे. आपल्या घरची श्रद्धा कोणत्याच पाठ्यक्रमाच्या केंद्रस्थानी नाही. तू बिश्वातचे उदाहरण घ्या. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी सर्वसाधारण शाळेतील मुले रोपे लावावयास जातात. झिख्रोन याकोव येथे १८९० साली एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना नेऊन झाडे लावली, तेव्हापासून ही प्रथा वाढत गेली. धार्मिक शाळेतील मुलांना त्या दिवशी इस्राएलच्या भूमीतील सात पिकांची माहिती व फळांवरील बराखा शिकवितात. आणि आपल्या घरी? आपल्या घरी तो एलियाहू हान्नाबीचा उरूस असतो. आजी पोहे भिजवून त्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडे व सुकामेवा घालते, मलिद्याचे ताट फळांनी सजविते, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक नातवंडांना सांगते, जेथून नबीचा रथ आकाशात गेला अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा आहे. दिवस एकच, पण मुलाला त्याचे दोन अर्थ मिळतात, एक शाळेत व एक घरी. पहिला अर्थ पुस्तकात छापलेला असतो, त्यावर परीक्षा असते, शिक्षक असतो. दुसऱ्याला फक्त आजी असते. मग एका शाळेतून आलेले मूल म्हणते, 'हे सगळे जुने आहे,' आणि दुसऱ्या शाळेतून आलेले मूल म्हणते, 'हे आमच्या पुस्तकात नाही.' आजीच्या हातातील ताट दोन्ही उत्तरांनी सारखेच जड होते.

या दुखण्यावर उपाय शोधताना आपल्या समाजाच्या इतिहासाकडे पाहणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण शाळा आणि घर यांचा हा हिशेब आपल्या पूर्वजांनी एकदा नव्हे, अनेकदा मांडला आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज शतकानुशतके शाळेवाचून व ग्रंथावाचून राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली म्हणून गावाने त्यांना ओळखले. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शेमा एवढे त्यांनी जपले. दाविद राहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि त्या स्त्रियांनी पंख व खवले असलेलेच मासे निवडून बाजूला काढले, अशी परंपरागत कथा आहे. या कथेत परीक्षा झाली ती स्वयंपाकघराची, आणि स्वयंपाकघर उत्तीर्ण झाले. पण कथा तेथे संपत नाही, हे आपण पुष्कळदा विसरतो. राहाबींनी झिराड, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तीन तरुण निवडून त्यांना धर्मशिक्षण दिले, आणि तेच समाजाचे काजी झाले. कारण उघड आहे. केवळ घराच्या आधारावर श्रद्धेचा गाभा टिकला होता, परंतु हिब्रू प्रार्थना, अनेक सण व त्यांचे अर्थ स्मृतीतून निसटले होते. घर जपते खरे, पण शिक्षण नसेल तर जे जपले त्याचे नावही हळूहळू विसरले जाते.

पुढे एकोणिसाव्या शतकात याच्या उलट प्रसंग आला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मुंबईत व कोकणात शाळा काढल्या आणि आपली मुले मोठ्या संख्येने तेथे गेली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. या शाळांचा हेतू काय होता हे कोणापासून लपलेले नव्हते. तरीही ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल अगदी थोडे. आपल्या लोकांनी त्या शाळांतून हिब्रू घेतले, तनाख घेतला, इंग्रजी घेतले आणि सायंकाळी ते आपापल्या घरी परतले. परक्या श्रद्धेच्या शाळेत मूल शिकले आणि तरी आपले राहिले, ते शाळेच्या कृपेने नव्हे. घरात शुक्रवारी दिवा लागत होता म्हणून.

तिसरा प्रयोग आपला स्वतःचा. हाईम सामुएल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट स्कूलची स्थापना केली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तेथे व्यावहारिक विषयांबरोबर हिब्रूचे शिक्षण मिळू लागले. याच काळात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली आणि १८८० च्या सुमारास आपल्या समाजात कीर्तने सुरू झाली. या शिक्षणाने काय घडविले ते पाहावयाचे असेल तर दोन स्त्रियांची नावे पुरेत. रिबेका रूबेन यांनी १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला आणि पुढे त्याच कदूरी शाळेचे मुख्याध्यापकपद अनेक वर्षे सांभाळले. डॉ. जेरुशा झिराड लंडनला वैद्यक शिकून आल्या, आणि १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी प्रार्थनासंस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांची उपासनेची पद्धत सर्वांनाच पटली असे नव्हे. परंतु विद्येने त्यांना श्रद्धेपासून दूर नेले नाही. श्रद्धेविषयी त्यांना स्वतःचा विचार करावयास लावले, हे मात्र सर्वांना मान्य व्हावे.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. घरचे म्हणून सारेच जपण्यासारखे होते असे नाही. विधवाविवाहाविषयीचा तिटकारा आपल्या समाजाने शेजारच्या रूढींवरून उचलला होता आणि त्यात अनेक तरुण स्त्रियांची आयुष्ये करपली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद तर आपल्याच बांधवांना मशिदीत व पंगतीत खाली बसविणारा होता. या रूढींविरुद्ध प्रश्न विचारावयास शिक्षणानेच बळ दिले. तेव्हा शाळेतून आलेले मूल घरच्या एखाद्या चालीविषयी 'असे का?' म्हणून विचारील, तर त्याला उद्धट ठरविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. कदाचित ते विचारते तेच योग्य असेल.

परंतु प्रश्न विचारणे वेगळे आणि लाज वाटणे वेगळे. आपल्या एका पिढीला ही लाज बाहेरून देण्यात आली होती. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदणीसंबंधी काढलेल्या सूचनांमुळे बेने इस्राएल वधूवरांच्या मागील पिढ्यांची चौकशी होऊ लागली. त्या वेळी ऐन विशीत असलेल्या मुलामुलींना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करावे लागले. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत या भूमिकेला केनेसेतने पाठिंबा दिला. हा लढा लढले त्यांपैकी पुष्कळांचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते. पण आपण कोण, कोठून आलो, आपल्या आईने शब्बाथ कसा पाळला, हे त्यांना ठाऊक होते. आज आपली मुले पदव्या मिळवितात आणि अस्खलित हिब्रू बोलतात. उद्या कोणी त्यांना असाच प्रश्न विचारला तर त्यांच्याजवळ उत्तर असेल काय? ही आमची खरी चिंता आहे.

तेव्हा शाळा कोणती, या प्रश्नाला आमचे उत्तर असे की दोहोंपैकी कोणतीही चांगली शाळा चालेल. शिक्षक कसे आहेत, मुलाचा कल काय आहे आणि घरचे आचरण काय आहे, एवढे पाहावे. ज्या घरात शब्बाथला मोटार बाहेर निघते त्या घराने केवळ शिस्तीच्या आशेने मुलाला धार्मिक शाळेत घातले, तर शाळा व घर यांच्या ओढाताणीत मूलच भरडले जाते. उलट, श्रद्धाळू घराने मुलाला सर्वसाधारण शाळेत घातले तर प्रार्थना शिकविण्याचे काम आपल्या शिरावर आले, हे ओळखावे.

शाळा कोणतीही असो, तीन कामे मात्र घरानेच करावयाची आहेत. पहिले, आपण जे करतो त्याचा अर्थ मुलाला सांगणे. मटणाच्या रश्शात आपण नारळाचे दूध का घालतो, हे मुलाला सांगा. मांस व दूध एकत्र करू नये हा नियम त्याला धार्मिक शाळेत पुस्तकातून कळेल, पण त्याची आजी तो पिढ्यान्पिढ्या पाळीत आली आहे, हे कोणतीही शाळा सांगणार नाही. दुसरे, आपल्या चालीवरची प्रार्थना त्याच्या कानांवर पडू देणे. बार मिट्झवाच्या आधी चार महिने शिकवणी लावून हे साधत नाही. लहानपणापासून बापाच्या शेजारी बसावे लागते. आणि तिसरे, मूल आपल्याहून वेगळ्या वाटेने गेले तरी दार उघडे ठेवणे. धार्मिक झालेली मुलगी माहेरच्या भांड्यांत जेवत नसेल तर तिच्यासाठी दोन नवी भांडी आणावीत. प्रार्थना सोडलेला मुलगा शुक्रवारी रात्री केवळ जेवावयास येत असेल तर त्याला येऊ द्यावे. किद्दूशच्या वेळी तो उपस्थित असतो, हे थोडे नव्हे.

मुंबईतील कदूरी शाळेत आज बहुतेक विद्यार्थी इतर धर्मांचे आहेत, कारण आपण येथे आलो. ती शाळा आपल्याला उचलून आणता आली नाही. आता आपल्या परंपरेची एकच शाळा उरली आहे आणि ती प्रत्येकाच्या घरात भरते. तू बिश्वात जवळ येत आहे. या वर्षी मलिद्याचे ताट मांडताना शाळेत जाणाऱ्या मुलांना जवळ बसवा. कोणत्या फळावर कोणती बराखा, हे त्यांनी शाळेत शिकले असेल तर त्यांना म्हणू द्या. शिकले नसेल तर आपण शिकवा. खंडाळ्याची गोष्ट मात्र आजीनेच सांगावी.